मुसकी

भाटीवाडीच्या शाळेत भिकाजी मास्तरांना अकरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांनी पोरांवर हात उगारला तो मोजून दोन-तीन वेळा. पण त्यांचा शब्द म्हणजे शब्द. साडेदहाची घंटा झाल्यावर दारात आलेलं पोर दारापुढच्या खळ्यातच, अंगणात, उभं राहायचं, मग ते कोणाचंही असो. वाडीला ते ठाऊक होतं आणि मनातून पसंतही होतं. देवबागच्या समोर, खाडीच्या या काठाला वसलेली ही शंभर-सव्वाशे घरांची वस्ती. निम्मी घरं मासे मारणाऱ्यांची, निम्मी शेतकऱ्यांची, आणि प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईला. शाळा भरायची ती दाजी सामंतांच्या जुन्या वखारीत. एक लांब खोली, चार यत्ता, एकेचाळीस पोरं आणि एक मास्तर.

मास्तर अठ्ठेचाळीस वर्षांचे. मूल नव्हतं. घरात ते आणि यशोदा, दोघंच. नऊ वर्षांचे असताना अठरा सालच्या मानमोडीच्या, म्हणजे फ्लूच्या साथीत त्यांची आई आणि दोन बहिणी एका आठवड्यात गेल्या होत्या. तेव्हा गावात तिरडी बांधायला माणूस उरला नव्हता. आईला ताप चढला त्या दिवशी तिने भिकाजीला गोठ्याच्या माळ्यावर चढवलं आणि शिडी काढून घेतली. चार दिवस ती खालून पेजेची वाटी काठीला बांधून वर द्यायची. पाचव्या दिवशी वाटी आली नाही. त्या माळ्यावर बसून आपण जगलो, हे मास्तर कोणाला सांगत नसत. यशोदेलाही त्यांनी ते लग्नानंतर पंधरा वर्षांनी सांगितलं होतं.

म्हणून सत्तावन्न सालच्या मे महिन्यात, पावसाळ्यासाठी बंद होण्याआधीची शेवटची बोट मालवणला लागली आणि तिच्यातून उतरलेला वाडीचा दत्ताराम तापाने थरथरत घरी आला, तेव्हा मास्तरांना तो माळा आठवला. मुंबईत फ्लूची साथ आहे हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. इतर लोकांना ते नेहमीच्या हिवतापासारखं वाटलं. दत्तारामाला भेटायला सगळी वाडी जाऊन आली. कोणी मुंबईहून पाठवलेली चीजवस्तू आणायला, कोणी आपल्या माणसाची खुशाली विचारायला. आठ दिवसांत घराघरांत माणसं आडवी झाली. बहुतेक पाच-सहा दिवसांत उठून बसत, अंगात त्राण नाही म्हणत पुन्हा शेताकडे जात. दोन म्हातारे गेले. त्यांचं वय झालं होतं, असं लोक म्हणाले. मग खुद्द दत्ताराम गेला. तो तिशीचा होता. 

शाळा उघडायला चार दिवस होते. महिनाभर शाळा बंद ठेवावी अशी विनंती करणारं पत्र मास्तरांनी वरच्या कचेरीला लिहिलं. दहा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की शाळा नियमितपणे चालू ठेवावी आणि हजेरी कमी पडू देऊ नये. तोपर्यंत शाळा सुरू झालीच होती. तिसरीतली दोन पोरं वर्गात बसल्या जागी तापली होती. बाकीची एकमेकांच्या मांडीला मांडी लावून, एकाच पाटीवर वाकून, एकमेकांच्या तोंडावर खोकत होती. पाढे म्हणताना एकेचाळीस तोंडं एकदम उघडायची. मास्तर समोर उभे राहून ऐकायचे आणि त्यांना पाढे ऐकूच यायचे नाहीत.

एका रविवारी ते होडीने पलीकडे उतरून, देवबागेतून पायी चालत मालवणला गेले. तिथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर स्वतः तोंडाला पांढरं फडकं बांधून बसले होते. मास्तरांनी आपली अडचण सांगितली. डॉक्टर थकलेले होते, पण त्यांनी नीट ऐकून घेतलं. पोरं लांब लांब बसवता आली तर उत्तम, ते म्हणाले. तेवढी जागा नसेल तर चौपदरी फडकं नाकातोंडावर बांधा, रोज उकळा, खोकणाऱ्याला घरी पाठवा. मास्तरांनी विचारलं, याने नक्की थांबेल का? डॉक्टर म्हणाले, "नक्की काहीच नाही, मास्तर. पण काही न करण्यापेक्षा बरं."

यशोदेने आपली दोन जुनी लुगडी काढली. एक हिरवं, एक जांभळट. दोन दिवस ती पडवीत बसून हाताने शिवत होती. तिने एकेचाळीस फडकी शिवली, प्रत्येकाला दोन्हीकडे बंद. सगळी मोठ्या टोपात उकळून चुलीवरच्या दांडीला वाळत घातली, कारण बाहेर पाऊस धरून होता.  शेवटचं फडकं शिवून झाल्यावर ती म्हणाली की लहान पोरं बंद सोडून टाकतील, गाठ मागे मारा.

सोमवारी पोरांनी ती बांधली तेव्हा वर्गात हसूच हसू झालं. पहिलीतल्या पोरांना वाटलं हा काही खेळ आहे. मास्तरांनी फळ्यावर चित्र काढून समजावलं, की खोकल्यातून न दिसणारे थेंब कसे उडतात आणि फडक्यात कसे अडकतात. चौथीतल्या मथुराने ते सगळ्यांत नीट ऐकलं. ती नेहमीच तशी ऐकायची, मान किंचित वाकडी करून. आई नाही, बाप शिवा मुंबईला गोदीत, आणि ही आजीजवळ, हौसाबाईजवळ. सुकी मासळी विकून हौसाबाई दोन नातवंडांना सांभाळत होती. मथुराचा भाऊ लवू पहिलीत होता. वाडीतल्या बायका मुंबईहून आलेली पत्रं वाचून घ्यायला मथुराकडे यायच्या. मास्तरांकडे जायला त्यांना लाज वाटायची, आणि मथुरा वाचलेलं कोणाला सांगत नसे. तिला सातवीपर्यंत शिकवायचं, मालवणला कोणाकडे तरी ठेवायचं, हे मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दोन-तीन दिवसांतच फडक्यांचे हाल सुरू झाले. इरल्याखालून येईपर्यंत ती भिजायची, ओली होऊन नाकाला चिकटायची. पोरं ती आपापसांत बदलायची. एकाने फडक्यात खेकडे बांधून आणले. वाचताना कोणाचा आवाज कुठून येतो ते कळायचं नाही, आणि लहानांना जोडाक्षरं शिकवताना त्यांचे ओठ दिसायचे नाहीत. मास्तर चिडायचे नाहीत. रोज संध्याकाळी ती गोळा करून यशोदेकडे द्यायचे, रोज सकाळी वाटायचे. काही दिवसांनी पोरांना घरीच उकळून आणायला सांगितलं, कारण यशोदाही तापाने पडली होती. ती चार दिवसांत उठली, पण तिचे हात बरेच दिवस कापत राहिले.

वाडीने या फडक्यांना नाव ठेवलं, मुसकी. मळणीच्या बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून बांधतात ती. विहिरीवर, होडीच्या तरीवर, सगळीकडे तेच. मास्तराने पोरांना मुसकी बांधली. आधी ते थट्टेत होतं, मग तक्रारीत आलं. शेवटी दाजी सामंतांनी मास्तरांना निरोप धाडला आणि त्यांच्या ओटीवर पंधरावीस पालक जमले.

मास्तर तयारी करून गेले होते. डॉक्टरांचं म्हणणं त्यांनी सांगितलं, वर्तमानपत्रातलं कात्रण वाचून दाखवलं. कोणी म्हणालं की फडक्याने पोरांचा श्वास कोंडतो, कोणी म्हणालं की तोंड बांधून विद्या कशी यायची. या सगळ्यांना मास्तरांकडे उत्तरं होती. मग मागे खांबाला टेकून बसलेली शेवंती बोलली. तिचा नवरा आणि सासू दोघं अंथरुणात होते.

"मास्तरानू, माझ्या घरात एका खोलीत नऊ माणसां निजतत. चार जणां तापान फणफणलेली आसत. पोर रातभर त्यांच्याच कुशीत आसता. मगे दिसाचे पाच तास फडका बांधून काय होतला?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मास्तरांनी कात्रणाची घडी घातली. मग म्हणाले, की घरचं माझ्या हातात नाही, पण ते पाच तास माझ्या हातात आहेत. तेवढे तरी मला राखू द्या. शेवंतीने मान हलवली. बाकीचेही जरा नरमले. मास्तरांना वाटलं, जमलं.

सगळे उठायला लागले तेव्हा दाजींनी मास्तरांना थांबवून घेतलं. दाजी वाईट माणूस नव्हते. शाळेला वखार त्यांनीच दिली होती, दर वर्षी पावसाआधी कौलं तेच परतून घ्यायचे. त्यांचा नातू बाळा दुसरीत होता.

"मास्तर, आमचो बाळा नाजूक," दाजी म्हणाले. "फडका बांधला की त्येचो जीव घुसमटता. त्येका तेवढो सोडा. बाकीच्यांचा तुमी बघून घ्या."

मास्तरांना नाही म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण वखार, कौलं, पुढचा पाऊस, वरच्या कचेरीत दाजींची ओळख, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. आणि त्यांनी स्वतःची समजूत घातली की एका पोराने काय फरक पडणार. त्याला मागच्या खिडकीपाशी वेगळा बसवीन, ते म्हणाले. जाणारे लोक अजून पायऱ्यांवरच होते. त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बाळा उघड्या तोंडाने खिडकीपाशी बसला. तिसऱ्या दिवशी आणखी पाच पोरं फडक्याशिवाय आली. विचारलं तर म्हणाली, आमचाही जीव घुसमटतो. मास्तरांना कळून चुकलं की सगळं हातातून निसटत चाललंय. आईने शिडी काढून घेतली नसती तर आपण खाली उतरलो असतो, हे त्यांच्या डोक्यात होतं. शाळा सुटताना त्यांनी ठणकावून सांगितलं. उद्यापासून फडकं नाही तर वर्ग नाही. कोणाचीही सबब चालायची नाही. हे सांगताना त्यांनी खिडकीकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी ती पाच पोरं तशीच आली. बहुधा घरच्यांनीच पाठवली असावीत, मास्तर काय करतात ते बघायला. त्यांतल्या एकाचा बाप छत्री घेऊन कुंपणापाशी उभाही होता. मास्तरांनी पाचही जणांना खळ्यातूनच परत पाठवलं. तो बाप मात्र गेला नाही. आणि तेवढ्यात मथुरा लवूचा हात धरून आली. लवूच्या तोंडावर हिरवं फडकं घट्ट बांधलेलं होतं, गाठ मागे. मथुराचं तोंड उघडं.

मास्तरांनी दारातच विचारलं.

"लवूचा फडका व्हाळाच्या पाण्यात व्हावान गेला, मास्तरानू," ती म्हणाली. "म्हणान माझा त्येका बांधलंय. तो ल्हान आसा."

मास्तरांनी लवूला आत घेतलं. मथुरा उंबऱ्याबाहेर थांबली. तिची नजर वर्गावरून फिरली, खिडकीपाशी बसलेल्या बाळावर क्षणभर थांबली आणि खाली गेली.  कुंपणापाशी छत्री हलली नाही. आता हिला आत घेतली, तर ती पाच पोरं दुपारी परत येणार आणि उद्या वीस. मास्तरांनी असा हिशेब केला, आणि त्या वेळी तो त्यांना बरोबर वाटला. तिला ते आपल्याच पोरीसारखी मानत. म्हणूनच तिला सूट दिली तर लोक काय म्हणतील, हेही मनात आलं.

"घरी जा, मथुरा. उद्या फडकं घेऊन ये."

"मी पागोळ्यांखाली बसान ऐकतंय. चलात?"

"नाही. भिजशील. घरी जा."

ती गेली. वर्गाकडे वळताना मास्तरांनी खांद्यावरचं उपरणं सावरलं आणि चौथीच्या पोरांना धडा काढायला सांगितला. कुंपणापाशी मग कोणी नव्हतं. त्या दिवशी आणि नंतरच्या दिवशी एकही पोर फडक्याशिवाय आलं नाही. नियम टिकला म्हणून मास्तरांना बरं वाटलं.

मथुरा मात्र आली नाही. लवूने सांगितलं की आजी तापली आहे आणि त्याची बाय, मथुरा, तिच्यापाशी आहे. मास्तर म्हणाले, बरं झालं, आजीला कोणी तरी हवं. पुढे काय झालं ते त्यांना नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. घराकडे परत गेलेल्या मथुराला आजी चुलीपुढे लवंडलेली सापडली होती. तिने आजीला अंथरुणावर ओढलं, पेज केली. शेजारच्या घरात दत्तारामाची बायको आणि तिचा सासरा दोघं पडलेले. तिथेही तिने पाणी भरलं. पलीकडे शेवंतीच्या घरी आता स्वतः शेवंतीही आडवी झाली होती. तिथे पेज पोचवायलाही तीच. तीन दिवस ती या घरातून त्या घरात फिरत होती. शाळेत असती तर दिवसाचे पाच तास तरी या घरांतून सुटली असती. शेजारीपाजारी म्हणत होते, काय गुणाचं चेडू, पोर असावी तर अशी.

चौथ्या दिवशी लवूही आला नाही. शाळा सुटल्यावर मास्तर तडक हौसाबाईच्या घरी गेले. अजून दिवस होता, पण पावसाने घरात काळोख केला होता. हौसाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती, नुकती तापातून उठलेली. लवू तिच्या मांडीजवळ. आणि कोपऱ्यात गोधडीखाली मथुरा. तिचा श्वास आत येताना आणि बाहेर जाताना दोन्ही वेळा वाजत होता. ओठांचा रंग करवंदाला येतो तसा झाला होता. काल रात्रीपासून असं आहे, हौसाबाई म्हणाली. उतरेल म्हणून वाट बघितली, माझा उतरला तसा.

मास्तर तिच्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि कपाळाला हात लावला. मथुराने डोळे उघडले. ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

"मास्तरानू, लांब बसा," ती म्हणाली. एकेका शब्दासाठी तिला थांबावं लागत होतं. "तुमी फडका बांधूक नाय."

मास्तर उठले आणि धावले. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, छत्री न घेता, चिखलातून ते तरीपर्यंत धावत गेले. होडी चालवणारे तिघे. दोघं तापाने पडलेले. तिसरा बाबू होडीत शिरलेलं पाणी उपसत बसला होता. खाडी दोन्ही काठ सोडून वाहत होती, ओहोटीचा जोर, आणि मुखाशी लाटा भिंतीसारख्या उभ्या. बाबूने खाडीकडे बोट दाखवलं. या ओहोटीत होडी घातली तर सरळ समुद्रात जाईल, तो म्हणाला. भरती लागू दे, तिन्हीसांजेला नेतो, आजारी माणूस नेतो. मास्तरांनी त्याचे हात धरले. बाबूने हात सोडवून घेतले नाहीत, पण तो उठलाही नाही. त्याचं खरं होतं हे मास्तरांना दिसत होतं. ते परत धावत आले. येताना घरून यशोदेला बरोबर घेतलं. तिने ओवा भाजून छातीला शेक दिला, पाय चोळले. भरती लागायच्या आधीच मथुरा गेली. तेव्हा लवू चुलीपाशी भात खात होता.

पावसात लाकडं पेटेनात. दाजी सामंतांनी आपल्या कोठीतली सुकी लाकडं दिली आणि स्वतः शेवटपर्यंत उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी मास्तर हौसाबाईला भेटायला गेले. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं. त्या दिवशी मी तिला दारातून परत पाठवली, चूक माझी, एवढंच. पण त्यांनी तोंड उघडायच्या आधी म्हातारीने त्यांच्यापुढे हात जोडले.

"तुमचे उपकार, मास्तरानू. त्या दिसा तुमी तिका घराक धाडल्यात म्हणान मी वाचलंय. तिणा पाणी घातल्यान, पेज घातल्यान. नायतर मी चुलीम्होरच मरान गेलेली आसतंय."

मास्तर उंबऱ्यावर बसले.  जे सांगायला आले होते ते आता सांगता येण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं, तर म्हातारीला आपण जगलो याचाच गुन्हा वाटला असता.

मग त्यांनी ते इतर ठिकाणी सांगून पाहिलं. दाजींच्या ओटीवर, चारचौघांत ते म्हणाले की मी बाळाला सूट दिली आणि मथुराला दिली नाही. दाजींचा चेहरा पडला, पण क्षणभरच. दैवापुढे कोणाचं चाललंय, मास्तर, ते म्हणाले, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. दुसरा कोणी म्हणाला, "मुसकी बांधून काय झाला? गेलाच ना चेडू?" आणि सगळ्यांनी माना हलवल्या. तिने मरताना फडकं बांधलेलं नव्हतं, ते तिने भावाला दिलं होतं, हे मास्तरांनी दोनदा सांगितलं. ते कोणाच्या कानात शिरलं नाही. वाडीने निकाल लावून टाकला होता, की फडक्याने काही होत नाही. उरल्यासुरल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी ती काढून टाकली. मास्तरांनी कोणालाही परत पाठवलं नाही. काही दिवस ती हिरवी-जांभळी फडकी वाडीत इकडेतिकडे दिसत होती. भांडी घासायला, पणतीची वात करायला, एक तर कोणाच्या शेतात बुजगावण्याला.

श्रावण सरता सरता साथ ओसरली. शाळेतलं दुसरं कोणतंही पोर दगावलं नाही. फडकी होती तेव्हा नाही आणि फडकी गेल्यावरही नाही. बाळाला साधी शिंकसुद्धा आली नाही. मास्तर रात्रंदिवस हे सगळं मनात उलटसुलट मांडून बघत. फडक्यांनी कोणाला वाचवलं का? कदाचित वाचवलं असेल, पण जो वाचला तो आपण वाचलो म्हणून सांगायला येत नाही. मथुरा त्या दिवशी वर्गात बसली असती तर जगली असती का? चार वाजता ती घरी जाणारच होती आणि आजी चुलीपुढे पडलेलीच असणार होती. शेवंतीने ओटीवर विचारलं होतं ते हेच होतं. त्याला आपल्याजवळ तेव्हाही उत्तर नव्हतं आणि आताही नाही, हे मास्तरांना कळत होतं. आणि तरीही कोणी त्यांना दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. एक माणूस तरी.

तो दोष यशोदेने दिला. भाद्रपदातली गोष्ट. सकाळी ते शाळेत निघाले होते, नेहमीसारखं उपरणं खांद्यावर टाकत होते. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"खांद्यार उपरणा होता तुमच्या त्या दिसा. तां फाडूचा होता."

मास्तर उभे राहिले.  तिने स्वतःची दोन लुगडी फाडली होती, तिला हे म्हणायचा हक्क होता. मास्तरांनी उपरणं हातात घेऊन बघितलं, घडी घातली आणि दांडीवर ठेवून दिलं. त्यानंतर त्यांनी कधी उपरणं घेतलं नाही. थंडीतही नाही. पण त्या दोघांमध्ये त्या दिवसापासून काहीतरी थंड झालं. ती त्यांचं सगळं करायची, औषधपाणी बघायची, पण पडवीत शेजारी येऊन बसायची ती बंद झाली.

दिवाळीला शिवा मुंबईहून आला आणि लवूला बरोबर घेऊन गेला. जाताना त्याने मास्तरांना नमस्कार केला. मास्तर कपाटाकडे तोंड करून काहीतरी शोधत राहिले.

त्यांनी बदली मागितली. दोन वर्षांनी ती मिळाली. तळेऱ्याला, हमरस्त्यावरच्या शाळेत, तिथे आणखी तीन शिक्षक होते. पुढची सात वर्षं, पेन्शनीत निघेपर्यंत, मास्तर तिथेच होते. पोरं उशिरा आली तरी ते काही म्हणत नसत. अभ्यास केला नाही, पाटी आणली नाही, नखं वाढली, चालायचं. घंटा होऊन अर्धा तास झाला तरी दार उघडं असायचं. मायाळू मास्तर, असं पालक म्हणायचे. यांच्या वर्गात घालायला आमची पोरं हट्ट धरतात, असं दुसऱ्या शिक्षकांपाशी सांगायचे. यशोदेच्या कानावर ते यायचं तेव्हा ती उठून कामाला लागायची.

एका हिवाळ्यात तिथे डांग्या खोकल्याची साथ आली. खोकत खोकत पोरं काळीनिळी व्हायची. तरुण मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांना बसवून विचारलं, की खोकणाऱ्या पोरांना घरी पाठवायचं का, की निदान वेगळं बसवायचं, की तोंडावर काही बांधायला सांगायचं. ते सर्वांत वडीलधारे म्हणून त्यांनी भिकाजी मास्तरांचं मत आधी विचारलं. मास्तर खुर्चीवरून उठले. तुम्ही ठरवा, ते म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही. आणि बाहेर जाऊन, रस्त्यावरून एसटी जात-येत होत्या तिथे, फणसाखालच्या दगडावर बसले. आत चर्चा चालू राहिली. वर्गातून खोकल्याचा आवाज येत होता. मधली सुट्टी संपली, घंटा झाली, पोरं आपापल्या वर्गात गेली. मास्तर उठले नाहीत.